हाताचे बळ आणि पिस्तुलाची सुरक्षितता

पिस्तूल एका हातात मावते. म्हणून ते हाताळण्यास फारसे बळ लागत नसावे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. भरलेल्या पिस्तुलातून गोळी सुटण्यास बोटाचा अल्पसा दाब पुरतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमांनुसार २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत चापाचा भार किमान १,००० ग्रॅम आणि १० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम असला म्हणजे झाले. परंतु अर्धस्वयंचलित पिस्तूल भरण्यासाठी, आणि विशेषतः भरलेले पिस्तूल पुन्हा रिकामे करण्यासाठी, याहून पुष्कळ अधिक बळ लागते. गोळी झाडणे सोपे, शस्त्र निर्धोक करणे अवघड, अशी ही विषम रचना आहे. ज्याच्या हातात बळ कमी आहे, त्याच्या बाबतीत धोक्याचे मूळ या विषमतेतच असते.

हाताचे बळ कमी असण्याची कारणे अनेक आहेत. वार्धक्याने स्नायू क्षीण होतात. संधिवाताने बोटांचे सांधे आखडतात. जुन्या अस्थिभंगामुळे मनगट पूर्ण वळत नाही. कित्येकांचा पंजा मुळातच लहान असतो आणि नेमबाजीला नुकताच प्रारंभ केलेल्या तरुणांच्या बोटांना अजून सराव नसतो. या सर्वांना एकच प्रश्न पडतो : बळाची उणीव पद्धतीने कितपत भरून काढता येते? पुष्कळ अंशी येते, हे त्याचे उत्तर. परंतु ती कोठवर येते आणि कोठे थांबावे, हेही तितक्याच स्पष्टपणे समजून घेतले पाहिजे.

१. यंत्राची रचना

अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन बसते व त्यात काडतुसे एकावर एक रचलेली असतात. नळीच्या मागच्या टोकाशी एक काडतूस मावेल एवढी जागा असते, तिला चेंबर म्हणतात. नळीवर किंवा नळीच्या मागे पोलादाचा एक जड भाग पुढेमागे सरकतो, ती स्लाइड. एक दणकट स्प्रिंग या स्लाइडला सतत पुढे रेटीत असते. गोळी सुटली की तिच्या प्रतिक्रियेने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. पहिले काडतूस मात्र हातानेच स्लाइड मागे ओढून भरावे लागते. चेंबरमध्ये उरलेले शेवटचे काडतूसही सामान्यतः हातानेच स्लाइड ओढून काढावे लागते.

ही स्प्रिंग किती कडक असेल, हे पिस्तुलाच्या जातीवर अवलंबून असते. साध्या रचनेच्या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड परस्परांना जखडलेली नसतात. स्फोटाचा जोर थोपविण्याचे काम केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण यांनाच करावे लागते. म्हणून स्लाइड हलकी असेल तर स्प्रिंग अधिक कडक ठेवावी लागते. १९२९ साली जर्मनीत निघालेले वाल्थर पीपी हे या रचनेचे प्रसिद्ध उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात गोळी सुटतेवेळी नळी व स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकलेल्या राहतात. त्यामुळे तुलनेने सौम्य स्प्रिंग चालते. यातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. लहान पिस्तूल हे दुर्बळ हातास सोपे असेलच असे नाही. आखूड स्प्रिंग आणि पकडण्यास अपुरी जागा यांमुळे ते बहुधा अधिकच अवघड ठरते.

२. धोका कोठे उद्भवतो

दुर्बळ हाताचा मनुष्य स्लाइड ओढू लागतो तेव्हा काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या प्रयत्नात ती हलत नाही. मग तो पिस्तूल पोटाशी घेतो आणि जोर लागावा म्हणून ते आडवे करतो. आडवे होताच नळीचे तोंड लक्ष्यावरून ढळून शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे किंवा स्वतःच्याच डाव्या हाताकडे वळते. मूठ घट्ट आवळताना उजव्या हाताची तर्जनी नकळत चापाच्या कडीत शिरते. त्याचे सारे लक्ष स्लाइडवर असल्यामुळे या दोन्ही गोष्टी त्याच्या ध्यानात येत नाहीत.

शस्त्र हाताळण्याचे मूलभूत नियम सर्वत्र सारखेच आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे मानूनच ते हाती घ्यावे. नळीचे तोंड सदैव निर्धोक दिशेस ठेवावे. नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे जाणल्यावाचून गोळी झाडू नये. दुर्बळ हाताचा मनुष्य हे नियम जाणत नाही असे नव्हे. परंतु बळ अपुरे पडले की शरीर आपोआप दुसरी युक्ती शोधते आणि त्या धडपडीत सर्वांआधी दुसरा व तिसरा नियम मोडतो. म्हणून अशा व्यक्तीने स्लाइड ओढण्याची रीत ही सोयीची बाब न समजता सुरक्षिततेची बाब समजून शिकली पाहिजे.

३. ओढणे नव्हे, ढकलणे

बहुतेक लोक स्लाइडचे मागचे टोक अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून ती ओढतात. चिमटीचे बळ हे हाताच्या बळापैकी अगदी थोडे असते आणि संधिवाताने प्रथम तेच क्षीण होते. याउलट ढकलण्याचे काम दंड, खांदे आणि छाती यांचे मोठे स्नायू करतात. म्हणून स्लाइड ओढण्याऐवजी ती स्थिर धरून पिस्तूलच पुढे ढकलावे, हे या पद्धतीचे तत्त्व होय.

उजव्या हाताने पिस्तूल धरणाऱ्याने पुढील क्रम पाळावा. प्रथम बोट चापाच्या कडीबाहेर, पिस्तुलाच्या सांगाड्यालगत सरळ ठेवावे. नळीचे तोंड लक्ष्याकडे ठेवून पिस्तूल छातीजवळ आणावे. ते छातीजवळ आणताना आडवे होऊ लागते. अशा वेळी पिस्तूल न वळविता आपणच अर्धे उजवीकडे वळावे, म्हणजे डावा खांदा पुढे येतो आणि नळीची दिशा कायम राहते. नंतर डावा पंजा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून ठेवावा : चार बोटे एका अंगास, तळहाताचा मांसल भाग दुसऱ्या अंगास. पुंगळी बाहेर पडण्याची खिडकी पंजाखाली झाकली जाता कामा नये. आता डावा हात स्थिर ठेवून उजव्या हाताने मूठ जोराने, एकाच हालचालीत पुढे ढकलावी. स्लाइड शेवटपर्यंत मागे गेली की डावा पंजा मोकळा करावा आणि स्लाइडला स्वतःच्या जोराने पुढे जाऊ द्यावे. तिला हाताने सावकाश पुढे नेल्यास काडतूस नीट बसत नाही.

डाव्या हाताचे कोपर नळीसमोर येत नाही ना, याची खातरजमा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, रिकाम्या पिस्तुलावर आणि सरावाच्या नकली काडतुसांवर करून घ्यावी. ही सवय अंगवळणी पडण्याआधी खऱ्या काडतुसांना हात लावू नये. हात कोरडा असावा. घाम येत असेल तर स्लाइड पुसून घ्यावी.

ज्या पिस्तुलांचा घोडा बाहेर दिसतो, त्यांत स्लाइडला मागे जाताना घोडाही मागे रेटावा लागतो. अशा पिस्तुलाचा घोडा आधी अंगठ्याने मागे घेतल्यास स्लाइड हलकी होते. मात्र घोडा मागे असताना चापही हलका झालेला असतो. म्हणून ही युक्ती निर्मात्याच्या पुस्तिकेत संमत असेल तरच आणि बोट कडीबाहेर ठेवूनच योजावी. काही पिस्तुलांत सेफ्टी लावलेली असताना स्लाइड हलतच नाही. अशा वेळी दोष हाताच्या बळाचा नसतो.

४. रिकामे करणे हीच खरी कसोटी

पिस्तूल भरणे दिवसाच्या आरंभी होते. तेव्हा हात ताजा असतो. ते रिकामे करणे सरावाच्या शेवटी येते. तेव्हा बोटे थकलेली असतात. म्हणजे जे काम अधिक जोखमीचे, तेच अधिक दुर्बळ हाताने करावे लागते. प्रस्तुत प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

रिकामे करण्याचा क्रम बदलता येत नाही. प्रथम मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे घ्यावी. क्रम उलटला, तर चेंबरमधील काडतूस बाहेर पडते खरे, परंतु स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधील दुसरे काडतूस आत नेते आणि रिकामे केले असे वाटणारे पिस्तूल पुन्हा भरलेलेच राहते.

दुर्बळ हाताच्या बाबतीत आणखी एक सापळा असतो. मॅगझिन काढले, स्लाइड ओढली, पण ती अर्ध्यावरूनच निसटून पुढे गेली. काडतूस किंचित मागे सरकले आणि स्लाइडबरोबर पुन्हा चेंबरमध्ये जाऊन बसले. हाताळणाऱ्याने स्लाइडचा आवाज ऐकला, मॅगझिन टेबलावर पाहिले आणि शस्त्र निर्धोक झाले असे मानले. वस्तुतः एक गोळी आत आहे. मॅगझिन काढल्यावरही कित्येक पिस्तुलांतून चेंबरमधील गोळी सुटते, हे येथे विसरता येत नाही.

यावर उपाय एकच : स्लाइड नुसती ओढून भागत नाही, ती मागे अडकवून ठेवावी आणि चेंबर डोळ्यांनी पाहावे. प्रकाश अपुरा असेल तर करंगळीच्या टोकाने चाचपावे. चेंबरमधून काडतूस बाहेर पडलेले दिसले पाहिजे. पडले नसेल तर ते कोठे आहे हे कळेपर्यंत शस्त्र भरलेलेच समजावे. स्लाइड धरून त्याच वेळी अंगठ्याने खटका वर उचलणे अनेकांना जमत नाही. काही पिस्तुलांत पूर्ण रिकामे मॅगझिन बसवून स्लाइड मागे घेतली की ती आपोआप मागे अडकते. ही सोय उपयुक्त आहे. मात्र भरलेले मॅगझिन आधी दूर ठेवावे आणि हातात घेतलेले मॅगझिन रिकामे आहे हे पाहूनच ते बसवावे.

स्पर्धांच्या मैदानावर रिकाम्या शस्त्राच्या चेंबरमध्ये भडक रंगाचे लहानसे सुरक्षा-निशाण बसवितात. चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते निशाण आत शिरतच नाही. म्हणून ते पाहणाऱ्यास लांबूनही ग्वाही देते. खासगी सरावातही ही प्रथा पाळण्यास काहीच हरकत नाही.

५. मॅगझिन, पकड आणि अडकलेले पिस्तूल

मॅगझिन भरताना आतील स्प्रिंग दर काडतुसागणिक अधिक दबते. त्यामुळे शेवटची काडतुसे सर्वांत कठीण जातात. ज्यांच्या अंगठ्यात बळ नाही त्यांनी मॅगझिन पूर्ण भरण्याचा हट्ट धरू नये. २५ मीटर स्पर्धेत पाच-पाच गोळ्यांचीच मालिका असते. सरावासाठी तेवढी पुरेत. अंगठ्यावरील भार हलका करणारे मॅगझिन भरण्याचे साधे साधनही मिळते. हे काम पिस्तूल बाजूस ठेवून, टेबलाशी बसून करावे.

पकड सैल असल्यास आणखी एक अडचण उद्भवते. स्लाइड पूर्ण मागे जाण्यासाठी पिस्तुलाचा सांगाडा हातात स्थिर राहावा लागतो. मनगट लवचिक राहिले तर गोळीच्या धक्क्याने सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो, स्लाइडचा प्रवास अपुरा होतो आणि पुंगळी खिडकीत अडकते. आता हे अडकलेले पिस्तूल मोकळे करण्यासाठी नेमके तेच बळ हवे, ज्याच्या अभावी ते अडकले. अशा प्रसंगी झटापट करू नये. नळीचे तोंड लक्ष्याकडे, बोट कडीबाहेर आणि मोकळा हात वर, एवढेच करावे. हात वर करून मैदानावरील अधिकाऱ्यास बोलाविणे ही सामन्यांतील मान्य रीत आहे. नामांकित नेमबाजही ती पाळतात. तिच्यात कमीपणा नाही.

चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर पिस्तूल लगेच वळवून पाहू नये. काडतूस उशिराने पेटण्याची शक्यता असते. म्हणून नळी लक्ष्याकडेच रोखून काही वेळ थांबावे आणि मगच पुढील कृती करावी.

६. शस्त्राची निवड

दुर्बळ हातांचा विचार शस्त्ररचनाकारांनी फार पूर्वीपासून केला आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्समधील सेंट एत्येन येथे निघालेल्या ‘ल फ्रांसे’ या पिस्तुलाची नळी एक खटका दाबताच पुढे झुकत असे. त्यामुळे स्लाइड न ओढताच चेंबरमध्ये काडतूस घालता वा काढता येई. इटलीच्या बेरेटा कंपनीनेही आपल्या काही छोट्या पिस्तुलांत हीच रचना स्वीकारली. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत ‘लिग्नोझ आइनहँड’ नावाचे पिस्तूल आले. त्यात चापाच्या कडीचा पुढचा भाग तर्जनीने मागे ओढला की स्लाइड मागे जाई. कल्पना चतुर होती; पण ओढणारे बोट चापाच्या अगदी निकट राही, हा तिचा दोष होता. अलीकडे, २०१८ साली अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने आतील घोडा आणि सौम्य स्प्रिंग यांचा मेळ घालून सहज मागे जाणाऱ्या स्लाइडचे पिस्तूल बाजारात आणले.

भारतात निवडीस वाव मर्यादित आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्या चौकटीतच परवाना मिळतो आणि ९ मिलिमीटरचे लष्करी काडतूस सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. क्रीडेपुरता विचार केल्यास पॉइंट २२ बोअरचे स्पर्धेचे पिस्तूल दुर्बळ हातास पुष्कळ अनुकूल असते : त्याचा धक्का सौम्य, स्प्रिंग नरम आणि मूठ हाताच्या आकाराप्रमाणे घडविता येण्याजोगी असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी ज्या २५ मीटर प्रकारात २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, तो याच बोअरच्या पिस्तुलाचा प्रकार होय.

स्लाइड नको म्हणून रिव्हॉल्वर घ्यावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. रिव्हॉल्वर रिकामे करणे सोपे, त्याचे चक्र उघडताच सर्व काडतुसे दिसतात, हे खरे. परंतु घोडा आधी न चढविता झाडावयाचे असल्यास त्याच्या चापास साधारणपणे चार ते साडेपाच किलोग्रॅमचा दाब लागतो. सांधे दुखणाऱ्या बोटास तो झेपत नाही आणि जोर करताना नेम ढळतो. म्हणून कोणतेही शस्त्र सल्ल्यावरून न घेता स्वतःच्या हाताने, रिकामे असताना पारखून घ्यावे.

७. दोन उदाहरणे

हंगेरीचे कारोय ताकाच हे सैन्यातील निष्णात पिस्तूल-नेमबाज होते. १९३८ साली सरावाच्या वेळी एक सदोष हातबाँब त्यांच्या उजव्या हातात फुटला आणि नेम धरणारा हातच निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला, १९३९ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि युद्धानंतर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर जलद पिस्तूल स्पर्धेत ५८० गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी ते राखले.

आपल्याकडे हरियाणाच्या मनीष नरवाल यांच्या उजव्या हातात जन्मतः व्यंग आहे. डाव्या हाताने नेम धरून त्यांनी २०२१ साली भरलेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पिस्तुलात सुवर्णपदक आणि २०२४ साली पॅरिस येथे १० मीटर एअर पिस्तुलात रौप्यपदक पटकाविले.

या उदाहरणांवरून इच्छाशक्तीपुढे सारे शक्य आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एक हात गेला वा अधू असला, तरी दुसरा हात या दोघांनी वर्षानुवर्षांच्या शिस्तबद्ध सरावाने घडविला होता. उणीव मान्य करून पद्धत बदलणे, हा त्यातील घेण्यासारखा बोध होय.

८. मर्यादा ओळखणे

हाताची स्थिती रोज सारखी नसते. संधिवाताच्या रुग्णांची बोटे बहुधा सकाळी अधिक आखडलेली असतात. त्यांनी सरावाची वेळ त्यानुसार ठरवावी. चेंडू दाबण्यासारखे व्यायाम वैद्यकीय सल्ल्याने अवश्य करावेत. मात्र बधिरपणा हा अशक्तपणाहून गंभीर समजावा. मनगटातील नस दबल्यास अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची संवेदना मंदावते. ज्या बोटास आपण चापावर आहोत की कडीबाहेर, हे कळत नाही, त्या बोटाच्या हवाली पिस्तूल करू नये.

आपल्यापुरता निर्णय घेण्यास एक साधी कसोटी पुरते. सरावाच्या आरंभी नव्हे, तर शेवटी, हात थकलेला असताना, रिकामे पिस्तूल घ्यावे. नळीची दिशा न ढळू देता आणि बोट कडीबाहेर ठेवून स्लाइड सलग दहा वेळा पूर्ण मागे नेऊन अडकविता येते का, हे जाणकाराच्या समक्ष पाहावे. एकदाही ती अर्ध्यावरून निसटली, तर ते पिस्तूल आपल्या हाताचे नव्हे. जो शस्त्र रिकामे करू शकत नाही, त्याने ते भरूही नये.

घरी वडिलोपार्जित पिस्तूल बाळगणाऱ्या वृद्धांनी या कसोटीचा विशेष विचार करावा. स्लाइड मागे जात नाही म्हणून ते भरूनच ठेवण्याचा मोह काहींना होतो. तो सर्वांत घातक आहे. ज्या लहान मुलास स्लाइड ओढणे अशक्य असते, तेच मूल दोन्ही अंगठ्यांनी चाप सहज दाबू शकते. म्हणून पिस्तूल रिकामे, कुलूपबंद आणि काडतुसांपासून वेगळेच असावे. हात साथ देईनासा झाला, तर ते विधिपूर्वक हस्तांतरित करण्याचा किंवा प्राधिकाऱ्याकडे सुपूर्द करण्याचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे. आयुष्यभर शस्त्र नीट सांभाळणाऱ्याने योग्य वेळी ते खाली ठेवणे, हेही त्या सांभाळण्याचेच शेवटचे काम होय.